मार्करच्या चार ताती

१

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्गा मोरोपंत मास्तरांच्या ओट्यापाशी आली. काखेतलं गाठोडं तिनं सोडलं आणि आतली टेनिसची रॅकेट मास्तरांच्या पुढ्यात ठेवली. ओट्यावर पावकीचे पाढे म्हणणारी पोरं एकदम गप्प झाली.

रॅकेटच्या जाळीला मधोमध भोक पडलं होतं. चार ताती तुटून लोंबत होत्या.

"हिच्यापायी आमचं घर बसलं, मास्तर," दुर्गा म्हणाली.

मास्तरांनी पोरांना सुट्टी दिली. गोष्ट त्यांच्या कानावर आलीच होती. १९१० साली धारसारख्या गावात असली गोष्ट तिसऱ्या प्रहरापर्यंतसुद्धा लपून राहत नसे. पण दुर्गेच्या तोंडून त्यांनी ती पुन्हा पहिल्यापासून ऐकली.

तिचा नवरा मानाजी हा सरदार क्लबाचा मार्कर, म्हणजे पगारी खेळाडू. सरदार नि अंमलदार हौसेनं खेळत. मार्कर पोटासाठी खेळे. त्यानं मैदान आखायचं, रॅकेटींना ताती भरायच्या, ज्याला जोडीदार नसेल त्याच्याशी संध्याकाळी खेळायचं, आणि हरायचं. तेही असं, की जिंकणाऱ्याला आपल्याच मनगटाचा अभिमान वाटावा. चौदा वर्षं मानाजी हे इमानानं करत आला होता.

यंदा प्रथमच त्याला जिंकायचा हुकूम मिळाला. क्लबाचे कर्तेधर्ते जगदेवराव यांची देवासच्या एका सरदाराशी पैज लागली होती: धारचा मार्कर बरा की देवासचा? दसऱ्यानंतर त्रयोदशीला देवासला सामना ठरला. मुंबईच्या एका मोठ्या क्लबाचा साहेब बघायला येणार होता. जिंकेल त्याला तो मुंबईला नेणार होता.

सामना रंगला. एकेक सेट वाटून झाला. तिसऱ्यात मानाजी पाच-चार असा पुढे होता, आणि अगदी निकालाच्या वेळी त्याच्या रॅकेटच्या चार ताती तुटल्या. दुसरी रॅकेट होती ती सरावाची, ढिली. तिच्यानं तो सात-पाच हरला. जगदेवराव तिथंच उठले आणि देवासच्या दोन गाद्यांचे, थोरल्या पातीचे नि धाकट्या पातीचे, सगळे मानकरी बसले होते त्यांच्यासमोर म्हणाले, "माझा माणूस फितूर झाला."

"धनत्रयोदशीच्या आत क्लबाची खोली सोडायची," दुर्गा सांगत होती. "इंदूरला, महूला, उज्जैनला पत्रं गेलीत, ह्याला कोणी ठेवू नका म्हणून. टेनिसशिवाय त्यांना दुसरं काय येतं? आणि ते काही बोलतच नाहीत, मास्तर. भिंतीकडे बघत बसतात. त्यांनी केलं असेल तर तसं सांगा. नसेल, तर कोणी केलं ते सांगा. मला दोन्हीतलं एक चालेल. हे मधलं मात्र सोसत नाही."

मोरोपंतांनी मानाजीला मराठी शाळेत बाराखडी शिकवली होती. जगदेवरावांनाही त्यांनीच, त्यांच्या कोठीवर, म्हणजे वाड्यावर, जाऊन शिकवलं होतं. ज्या घराच्या ओट्यावर ते बसले होते ते घरही जगदेवरावांच्या वडिलांनी त्यांना शिकवणीबद्दल राहायला दिलेलं. तेव्हा हे काम आपलं नव्हे, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

"दोन दिवस रॅकेट इथं राहू दे," ते म्हणाले.

दुर्गा गेली. मास्तर स्नान करून परत आले तो ओट्याच्या कडेनं तांबड्या मुंग्यांची रांग लागलेली. रांग सरळ रॅकेटवर चढत होती आणि ताती जिथं लाकडात शिरतात त्या भोकांपाशी तिनं घोळका केला होता.

लाकडात नि तातीत मुंग्यांचं काय काम?

२

मुंज तलावाच्या अलीकडे क्लबाचं मैदान होतं. माळी विठोबा मैदानावर रोलर ओढत होता. पन्नाशीचा माणूस, तीन पिढ्या धारमध्ये, बोलण्यात माळवी निम्मी.

"या मास्तरजी, या. खेळना है का?" तो हसला. मग रॅकेट बघून त्याचं हसू मावळलं.

"मला यातलं काही कळत नाही, विठोबा. शिकव मला. ही तात म्हणजे काय?"

"बकऱ्याचं आतडं. सुकवून पिळतात. कोरडी असली तर भिया, लोखंड आहे लोखंड. पन पानी तिचा दुश्मन. मानाजी तर सावन-भादव्यात बॅटला मेणकापडात गुंडाळून ठेवायचा. दवात सुद्धा काढायचा नाही. म्या म्हणायचो, अरे, घरवालीला इतकं जपतो का?"

"सुरीनं कापली तर कशी दिसेल?"

विठोबानं खोपटातून जुन्या तातीचा तुकडा आणला आणि विळ्यानं कापून दाखवला. टोक सरळ, स्वच्छ. मास्तरांनी ते रॅकेटवरच्या टोकांशेजारी धरलं. ही टोकं विस्कटली होती. दातवण चावल्यावर त्याचा जसा कुंचा होतो तशी.

"म्हणजे कापली नाही," मास्तर म्हणाले. "आतून सडली. आता मला क्रमानं सांग. ही रॅकेट शेवटी धड कोणी पाहिली?"

"म्याच. अष्टमीला मानाजी पाच दिवस आधी निघाला, देवासचं मैदान बघायला. बायकोचं माहेर पीपलरावांला, तिथं मुक्काम करणार होता. जगदेवराव हुजूर बोलले, बॅट तू नको नेऊस, धक्क्यानं खराब होईल, माझ्या तांग्यात येईल. तर मानाजीनं माझ्यासमोर, ह्याच खोपटात, नवीन ताती तपासल्या, बॅट लाकडी चौकटीत दाबली, पेटीत ठेवली, कुलूप लावलं. चाबी हुजूरना दिली. हुजूर ती जानव्याला बांधतात."

"आणि उघडली कोणी?"

"देवासमध्ये हुजूरनीच. सगळ्यांसमोर. कुलूप जसंच्या तसं. मग बॅट मानाजीच्या हातात. सकाळपासून दुपारपर्यंत त्याच्याजवळच. म्हणून तो लोग बोलतात ना..." विठोबा थांबला. "मास्तरजी, पेटी म्या माझ्या हातानं तांग्यात ठेवली, दसऱ्याला, कोठीच्या दारात. हलवली पण नाही जास्त. माझ्यावर येईल का हो काही?"

"येऊ नये," मास्तर म्हणाले. त्यांनी कोऱ्या तातीचे दोन तुकडे मागून घेतले.

निघताना विठोबा मागून म्हणाला, "यशवंतराव साहेबांना विचारा. त्यांनी कायतरी बघितलंय म्हणतात. मानाजीनं देवासला त्या बॅटचं कायतरी केलं, ते."

३

यशवंतराव हे जगदेवरावांचे पुतणे. वय वीस-एकवीस. इंदुरात शिकायला होते, तिथूनच परस्पर देवासला सामन्याला आले होते आणि मग काकांबरोबर धारला. मास्तर गेले तेव्हा ते पागेपुढे घोड्याला गूळ चारत होते.

"मास्तर, तुम्ही आता फौजदारी करता की काय?"

"पोरांची पाटी तपासायची सवय, यशवंतराव. चूक कुठं झाली ते सापडल्याशिवाय जेवण जात नाही."

"मग ऐका. चूक इथं झाली की काकांनी पगारी माणसावर इज्जत टाकली. मी सुट्टीत आलो की माझ्याशी तो आठवड्यातून तीनदा खेळतो. दरवेळी सहा-चार, सहा-चार. मी एकदा मुद्दाम सगळे चेंडू बाहेर मारले, तरी जिंकलो." ते कडवट हसले. "ज्याला हरायची एवढी सवय, त्याला फितवायला किती वेळ लागतो?"

"तुम्ही काही पाहिलंत म्हणे."

"पाहिलं. काकांनी पेटी उघडली, रॅकेट त्याला दिली नि ते पाहुण्यांकडे गेले. हा चौकटीचे स्क्रू सोडायला लागला आणि थांबला. मग जाळीवरून बोट फिरवलं. मग काय केलं असेल? रॅकेट नाकाशी नेली आणि हुंगली. फूल हुंगावं तशी. माझ्याकडे नजर गेली तशी चटकन खाली घेतली. पंच्याच्या कोपऱ्यानं लाकूड पुसलं. मग नुसता उभा. सरावाची रॅकेट हातात घेतली, ठेवली. पुन्हा घेतली, पुन्हा ठेवली. शेवटी पेटीतलीच घेऊन मैदानात गेला. निर्दोष माणूस रॅकेट हुंगतो का, मास्तर?"

मास्तरांनी विचारलं, "खेळला कसा?"

"तेच तर. सगळा वेळ हळू. नुसता चेंडू परत टाकायचा, ठोकायचा नाही. बायकी खेळ. तरी तो देवासचा मार्कर गणपत चुकत गेला नि हा पुढे. शेवटी चेंडू उंच आला, सोपा, आणि यानं त्या सामन्यातला पहिला फटका पूर्ण ताकदीनं मारला. तेव्हाच फाटली."

घरी येऊन मास्तरांनी खिडकीच्या उजेडात रॅकेट पुन्हा धरली. या वेळी त्यांनी चष्मा काढला, कारण जवळचं त्यांना बिनचष्म्याचं बरं दिसे. दुर्गेच्या फडक्याला नि मानाजीच्या पंच्यालाही पोचता आलं नसेल अशा एका भोकात, तातीखाली, तांबडा ठिपका होता. त्यांनी झाडूच्या काडीनं तो टोकरून तळहातावर घेतला. आधी त्यांना ते रक्त वाटलं. मग त्यांनी तो बोटानं चोळला, आणि बोट पिवळसर तांबडं झालं.

हळद होती. आणि कुंकू.

मास्तरांनी तळहात धुतला. मग उठून त्यांनी वाटीत दूध, दही, तूप, मध नि साखर कालवली, आणि विठोबानं दिलेला तातीचा एक तुकडा त्यात बुडवून ठेवला.

४

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मास्तर कोठीवर गेले. जगदेवराव दिवाणखान्यात एकटेच होते. भिंतीवर घराण्याच्या सात तलवारी ओळीनं टांगलेल्या. प्रत्येकीच्या मुठीखाली हळदकुंकवाची बोटं अजून दिसत होती. पात्यांवर तेलाची चकाकी होती.

"मास्तर! बसा. आज शिकवणी कोणाची?"

"तुमचीच, रावसाहेब. फार दिवस झाले घेऊन."

जगदेवराव हसले. चाळिशीचे, भरदार, मनानं वाईट नसलेले गृहस्थ. मास्तरांनी खिशातून तातीचे दोन तुकडे काढून तिवईवर ठेवले.

"हा पहिला ताणून बघा."

जगदेवरावांनी दोन्ही मुठींत धरून ओढला. तळव्याला वळ उठले, तात हलली नाही.

"आता हा दुसरा. त्याच तातीचा. एक रात्र भिजला नि दोन दिवस उन्हात सुकला, एवढाच फरक."

दुसरा तुकडा दोन हिसक्यांत तुटला. टोक कुंच्यासारखं फुललं. जगदेवरावांनी बोटं चोळली. बोटं चिकटत होती.

"हे कशात भिजवलंत?"

"पंचामृतात," मास्तर म्हणाले.

जगदेवरावांची मान आपोआप भिंतीकडे वळली. मास्तर थांबले. उत्तर पोराचं पोरालाच सापडू द्यावं, ही त्यांची चाळीस वर्षांची रीत होती. पण जगदेवराव तलवारींकडेच बघत राहिले, तेव्हा त्यांनीच सुरुवात केली.

"विठोबा म्हणाला, पेटी त्यानं दसऱ्याला कोठीच्या दारात तांग्यात ठेवली. अष्टमीला ती क्लबाच्या खोपटात होती. म्हणजे मधल्या दिवशी ती इथं होती. मधला दिवस खंडेनवमीचा. कुलूप फोडलेलं नव्हतं, आणि किल्ली तुमच्या जानव्याला. तुमच्या घराण्यात नवमीला शस्त्रांना पंचामृताचं स्नान घालतात. तुमच्या लहानपणी शिकवणीला आलो की तीर्थ मलाही मिळायचं. तलवारी मग पुसून तेल लावून ठेवतात. तातीला कोण पुसणार?"

"माझं हत्यार होतं ते," जगदेवराव हळूच म्हणाले. "धारच्या इज्जतीचं हत्यार. आजोबांच्या तलवारीशेजारी ठेवलं. माझ्या हातानं स्नान घातलं, रात्रभर देवीपुढं राहू दिलं. कोणाला बोललो नाही. पूजलेलं हत्यार मैदानातून परत येईपर्यंत त्याची वाच्यता करायची नाही, अशी आमच्याकडे चाल आहे."

"परत आल्यावर?"

"परत आल्यावर मी इतका संतापलो होतो की नवमी आठवलीच नाही." त्यांनी चिकट बोटं रुमालाला पुसली. "नाही. खोटं कशाला बोलू? येताना तांग्यात एकदा आठवली. मी मनाला म्हटलं, पूजेनं कधी काही बिघडतं का?"

बाहेर पागेत घोडं खिंकाळलं. जगदेवरावांनी तुटलेला तुकडा उचलून मुठीत धरला.

"हे आणखी कोणाला सांगितलंत?"

"कोणालाच नाही. आता तुम्ही सांगाल, असं वाटलं."

"मी काय सांगू, मास्तर? देवासच्या दोन्ही पात्यांसमोर मी त्या माणसाला फितूर म्हटलं. आता पत्र लिहू, की फितूर कोणी नव्हतं, जगदेवरावांनी पूजलेलं हत्यार भर मैदानात मोडलं? आमच्या लोकांत याचा एकच अर्थ होतो. देवीनं घराण्याची पूजा नाकारली. उद्या यशवंताची सोयरीक करायची आहे. कोण मुलगी देईल?"

"आणि मानाजी?"

"त्याला पागेत ठेवतो. घोड्यांच्या कामावर."

"फितूर म्हणून?"

जगदेवरावांनी मान खाली घातली. सातव्या वर्षी, पाटी आपणच फोडून नोकराचं नाव सांगितलं होतं, तेव्हा त्यांनी अशीच मान खाली घातली होती. तेव्हा मास्तरांनी त्यांना पन्नास उठाबशा काढायला लावल्या होत्या, आणि त्यांचे वडील, थोरले रावसाहेब, पडद्याआडून हे बघून खूश झाले होते. आज पडद्याआड कोणी नव्हतं.

"घर ठीक आहे ना, मास्तर?" जगदेवराव एकाएकी म्हणाले. "पावसाळ्यात गळलं तर सांगा. कौलं बदलून देतो."

ते धमकीनं बोलले नव्हते. त्यांना खरोखरच दुसरं काही सुचलं नव्हतं. पण मास्तरांच्या तोंडचं पुढचं वाक्य तिथंच राहिलं.

५

मानाजी मैदानाच्या कडेला बसून जाळीची गाठ सोडवत होता. खोली सोडण्याआधी जाळी दुरुस्त करून देणार होता तो. मास्तर त्याच्याशेजारी गवतावर बसले.

"मला सगळं कळलंय," ते म्हणाले. "तू ती रॅकेट हुंगलीस."

मानाजीचे हात थांबले. "मध नि आंबलेलं दही," तो म्हणाला. "आणि चौकटीचे स्क्रू उलट्या बाजूनं पिळलेले. मी डोकी कायम आतल्या अंगाला ठेवतो. कुंकू बघितलं तेव्हा तर विचारायलाच नको. किल्ली एकाच माणसाकडे."

"मग सरावाची रॅकेट का नाही घेतलीस?"

"दोनदा उचलली, मास्तर. पण धनी समोर बसलेले. त्यांनी पूजलेलं हत्यार त्यांच्या डोळ्यांदेखत बाजूला ठेवू? मनात म्हटलं, हळू खेळलो तर टिकेल. हळू खेळण्यात माझा हात कोण धरणार? आयुष्यभर तेच केलं." तो गाठीकडे बघत बोलत होता. "टिकलीसुद्धा. पाच-चारपर्यंत टिकली. मग तो चेंडू असा वर आला, आणि साहेब पुढं वाकून बघत होता. मला वाटलं, एकदा तरी मारून बघावा. चौदा वर्षांत पूर्ण ताकदीनं एकही मारला नव्हता."

"आणि फितूर म्हणाले तेव्हा? तेव्हा तरी तोंड उघडायचं होतंस."

"काय बोलणार? हुजूर, तुमच्या पूजेनं घात केला, म्हणून? दोन्ही पात्यांसमोर?" मानाजीनं गाठ दातांनी ओढून सोडवली. "मी त्यांच्याशी रोज हरत आलो. त्यांना कळू न देता हरायचं, हीच माझी नोकरी. ही एक बाजी मोठी होती, एवढंच."

"जगदेवरावांना आता कळलंय."

मानाजीनं पहिल्यांदा वर पाहिलं. "तुम्ही सांगितलंत? कशाला सांगितलंत, मास्तर?" हातातली जाळी त्यानं गवतावर टाकली. "त्यांना ठाऊक नव्हतं तोवर मला वाटत होतं, कळलं तर बोलावतील."

मास्तर त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. पोरानं गणित बरोबर सोडवावं आणि तरी त्याला शून्य मिळावं, असं त्यांच्या शाळेत कधी झालं नव्हतं.

६

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी क्लबाच्या खोलीपुढं बैलगाडी उभी होती. पागेचं काम मानाजीनं नाकारलं होतं. पीपलरावांला दुर्गेच्या भावाची गव्हाची शेती होती. तिथं राखणीला माणूस हवा होता. मानाजी बैलांपाशी उभा होता. विठोबा मुकाट्यानं सामान चढवत होता.

मास्तर फडक्यात गुंडाळलेली रॅकेट घेऊन आले. दुर्गेनं ती घेतली नाही.

"मी दोन गोष्टी विचारल्या होत्या," ती म्हणाली.

"त्यानं केलं नाही, दुर्गा. त्याचा केसाइतकाही दोष नाही. मी पुराव्यानं सांगतो."

तिनं डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा ते कोरडेच होते. "मग कोणी केलं?"

मास्तरांनी तोंड उघडलं. चाळीस वर्षांत त्यांनी कोणाही पोराला प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय घरी पाठवलं नव्हतं. विठोबा गाडीपाशी थबकून ऐकत होता. पलीकडे, बैलाच्या मानेवर हात ठेवून, मानाजी मास्तरांकडेच बघत होता, आणि अगदी हलकेच मान हलवत होता, नको म्हणून. मास्तरांना त्यांचा ओटा दिसला, वरची कौलं दिसली, खाली बसलेली पोरं दिसली. त्यांनी तोंड मिटलं.

दुर्गेनं त्यांच्या हातातून रॅकेट घेतली आणि गाडीत, धान्याच्या पोत्यामागे, सरकवून ठेवली.

"राहू द्या," ती म्हणाली. "तुम्हाला ज्याचं नाव घेता येत नाही, असा धारमध्ये एकच माणूस आहे. उत्तर मिळालं, मास्तर."

तिनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि ती गाडीत चढली. मास्तरांनी आशीर्वादासाठी हात उचलला खरा, पण कोणता आशीर्वाद द्यावा ते त्यांना आठवेना. हात तसाच राहिला, आणि गाडी तलावाच्या वळणावरून दिसेनाशी झाली.